पाण्याची पातळी ओळखणारे दरवाजे: विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यावर नेमकं काय केलं?

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीजवळ, सिंभोरा इथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. अमरावती शहराचं पिण्याचं पाणी इथूनच जातं. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा जोर वाढला की या धरणाच्या बातमीत दोन आकडे हमखास असतात. पहिला म्हणजे जलाशयाची पातळी किती मीटरवर आली. दुसरा म्हणजे १३ दरवाज्यांपैकी किती दरवाजे किती सेंटीमीटर उघडले. जलाशय पूर्ण भरला की पातळी समुद्रसपाटीपासून ३४२.५० मीटर असते. नदीकाठच्या गावांना सावध करायचं की नाही, हे या दोन आकड्यांवर ठरतं.

दरवाजे लवकर उघडले तर उन्हाळ्यात लागणारं पाणी वाहून जातं. उशीर झाला तर धरणावरचा ताण वाढतो आणि खालच्या गावांवर एकदम मोठा लोंढा येतो. म्हणून पाणी किती चढलं हे नेमकं आणि वेळेत कळणं, हे धरणाच्या भिंतीइतकंच महत्त्वाचं असतं. आज हे काम पाण्यात सोडलेला प्रेशर सेन्सर करू शकतो. वीज आणि फोन सगळीकडे पोचण्याआधी, १९०३ मध्ये, पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर हे काम थेट दरवाज्यांवरच सोपवलं गेलं. ते करणाऱ्या इंजिनिअरचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

शिकवण्या घेऊन शिक्षण, मग पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. त्यांचं जन्मसाल काही ठिकाणी १८६१ असं दिलं जातं, पण टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीचं तिकीट १९६० मध्ये काढलं, त्या हिशोबाने ते १८६० ठरतं. तारखेबद्दल वाद नाही. ती १५ सप्टेंबर, जी आज देशभर अभियंता दिन म्हणून पाळली जाते.

वडील संस्कृतचे जाणकार होते, पण घरची परिस्थिती बेताची होती. वडील लवकर गेले आणि मुलाला मामांचा आधार मिळाला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमध्ये शिकताना विश्वेश्वरय्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवत. १८८१ मध्ये ते बीए झाले. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, प्रवेश घेता आला. १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकची होती.

पुढची सुमारे २५ वर्षं त्यांनी याच खात्यात काढली. नाशिक, खानदेश, पुणे असा त्यांचा कामाचा पट्टा होता. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा चांगला परिचय झाला. त्यांच्या आयुष्यातल्या पाण्याच्या कामांचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला.

पाण्याचा पहिला धडा: उंची म्हणजेच दाब

नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांच्यावर धुळ्याच्या बाजूला, पांझरा नदीच्या खोऱ्यात, पाइपाचा सायफन बांधण्याचं काम आलं. कालव्याचं पाणी मधल्या प्रवाहाच्या पलीकडे न्यायचं होतं. अशा सायफनमध्ये पाइप खाली उतरतो, पात्र ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. पंप नसतानाही पाणी पलीकडे वर चढतं, कारण अलीकडच्या पाण्याची उंची त्याला ढकलत असते. ऐन पावसाळ्यात, अडचणीच्या परिस्थितीत त्यांनी ते काम पूर्ण केलं.

१८९४ मध्ये त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं गेलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सक्कर शहर सिंधू नदीच्या काठावर होतं, पण नदीचं पाणी गढूळ. गाळण्यासाठी मोठे फिल्टर बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपून येणारं पाणी आपोआप गाळलं गेलं आणि ते टेकडीवर चढवून शहराला देण्याची सोय झाली.

टेकडीवर पाणी चढवण्यामागचा हिशोब घरच्या गच्चीवरल्या टाकीचाच आहे. टाकी जितकी उंच तितका खालच्या नळाला जोर. टाकी रुंद आहे की अरुंद, गोल आहे की चौकोनी, याने नळाच्या दाबात फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त पाण्याच्या उभ्या उंचीने. हाच नियम उलट वापरला तर तळाचा दाब मोजून वर पाणी किती आहे हे सांगता येतं.

खडकवासल्याची अडचण

पुण्याजवळ मुठा नदीवर इंग्रज अभियंता फाइफ याच्या देखरेखीखाली खडकवासल्याचं दगडी धरण उभं राहिलं. त्याचा जलाशय फाइफ लेक म्हणून ओळखला जाई. पुणे शहर, छावणी आणि मुठा कालव्यावरची शेती या सगळ्यांना पाणी तिथूनच मिळत होतं. मागणी वाढत होती. दर पावसाळ्यात मात्र तलाव भरायचा आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. सांडवा म्हणजे जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर जावं म्हणून ठेवलेला, भिंतीपेक्षा कमी उंचीचा भाग.

सांडव्यावर आणखी बांधकाम करून जास्त पाणी अडवणं हा उपाय वरकरणी सोपा दिसतो, पण तो धोक्याचा असतो. पाण्याची उंची दुप्पट झाली तर तळाशी दाब दुप्पट होतो, पण भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. सांडवा कायमचा उंच केला तर मोठ्या पुराचं पाणी त्याच्याही वर चढणार आणि भिंतीला न पेलणारा भार येणार.

विश्वेश्वरय्यांनी या अडचणीकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. पूर वर्षातून मोजके दिवस येतो. तेवढे दिवस सांडवा मोकळा हवा, बाकी दिवस तो बंद असला तरी चालेल. म्हणजे सांडव्यावर दरवाजे हवेत. पण ते उघडणार कोण? पूर मध्यरात्री येऊ शकतो, रस्ता बंद पडू शकतो, माणूस वेळेत पोचला नाही तर सगळंच संकटात. म्हणून दरवाजे असे हवेत की ठरलेली पातळी ओलांडली की ते स्वतः उघडतील आणि पाणी उतरलं की स्वतः बंद होतील.

दरवाजे चालायचे कसे?

या पद्धतीच्या दरवाज्यांची मांडणी धरणागणिक थोडी बदलते, पण तत्त्व एकच आहे. दरवाज्यांचं वजन दुसऱ्या बाजूला तोललेलं असतं, जसं तराजूत माल आणि माप. तोल इतका बरोबर साधलेला असतो की थोडा जोर मिळाला तरी दरवाजे हलतात. हा जोर देण्यासाठी बाजूला विहिरीसारखा हौद असतो. तलावाचं पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की एका वाटेने ते या हौदात उतरतं. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर उचलतं, त्यामुळे हौदातल्या भाराचा तोल बदलतो आणि त्याला जोडलेले दरवाजे सरकतात. पूर ओसरला की हौदातलं पाणी निघून जातं आणि दरवाजे पुन्हा जागेवर येतात.

पातळी ओळखणं, निर्णय घेणं आणि दरवाजा हलवणं ही तीनही कामं पाणीच करत होतं. त्यासाठी इंजिन, वीज किंवा पहारेकरी लागत नव्हता.

१९०३ मध्ये असे दरवाजे खडकवासल्यावर बसले. जुन्या सांडव्याच्या वर आणखी ८ फूट पाणी साठवता येऊ लागलं आणि धरणाची भिंत मात्र वाढवावी लागली नाही. साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. ८ फूट ऐकायला कमी वाटतं, पण तलाव वरच्या बाजूला पसरट असतो. त्यामुळे वरच्या प्रत्येक फुटात तळाच्या फुटापेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं. या रचनेचं पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नावावर झालं आणि पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावरही असे दरवाजे वापरले गेले.

पाणी साठवण्याइतकंच ते वाटण्याकडेही त्यांचं लक्ष होतं. नीरा कालव्यावर शेतकऱ्यांना पाळीपाळीने, ठरावीक क्षेत्रासाठी पाणी देणारी ब्लॉक पद्धत त्यांनी याच काळात आखली.

मुसी नदीचा पूर

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी मुदतीआधी सोडली. कर्तबगारी असूनही सर्वांत वरचं पद भारतीय माणसाला मिळण्याची शक्यता तेव्हा नव्हती. ते परदेश दौऱ्यावर निघाले. त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, हैदराबादेत मुसी नदीला प्रचंड पूर आला. हजारो माणसं मेली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि १९०९ मध्ये ते हैदराबादेत कामाला लागले.

त्यांनी शहरातली पडझड पाहिली, पण तपासाचा भर नदीच्या वरच्या भागावर ठेवला. मुसीच्या पाणलोटात शेकडो लहान तलाव होते. अतिवृष्टीत त्यातले बरेच फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावात येतं, खालचाही तो भार सोसत नाही आणि लोंढा वाढतच जातो. वर काय घडतंय हे शहराला कळण्याआधी पाणी दारात पोचलं होतं.

त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे शहराच्या वरच्या बाजूला मोठे जलाशय बांधणं आणि पुराच्या काळात त्यात रिकामी जागा राखणं. म्हणजे लोंढा आधी तिथे मावेल आणि नंतर हळूहळू सोडता येईल. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसा नदीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुढे हैदराबादला पिण्याचं पाणीही त्यातून मिळू लागलं.

कृष्णराजसागर: पातळीवरून वाद

१९०९ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे चीफ इंजिनिअर झाले. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. इथे अडचण तंत्राची कमी आणि शेजाऱ्याची जास्त होती. कावेरी पुढे मद्रास इलाख्यात जाते. म्हैसूरने किती उंचीपर्यंत पाणी अडवायचं यावर मद्रासने हरकत घेतली आणि सुरुवातीला कमी उंचीच्याच धरणाला परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पुढे उंच धरण पेलेल असा घालायला लावला. पाणीवाटपाचा करार १९२४ मध्ये झाला आणि धरण त्यानंतर पूर्ण झालं. बांधकामात सिमेंटऐवजी चुना आणि विटांची भुकटी यांची सुरकी वापरली होती.

१२४.८० फूट ही या धरणाची पूर्ण पातळी. कर्नाटकात पावसाळ्यात हा आकडा घरोघरी चर्चेत असतो, जसा मोर्शीत ३४२.५० चा असतो. १९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

१२ जुलै १९६१

विश्वेश्वरय्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती आणि ते बंगळूरला राहत होते, तेव्हा खडकवासल्याचं नाव देशभर पोचलं. कारण वाईट होतं. खडकवासल्याच्या वर, अंबी नदीवर, पानशेतचं मातीचं धरण बांधून व्हायचं होतं. त्या पावसाळ्यात ते पहिल्यांदाच भरत होतं. बांधाचा काही भाग खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरण्याचा प्रयत्न केला. १२ जुलैला पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यावर आलं आणि काही तासांत ते जुनं दगडी धरणही फुटलं. पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला, हजारो कुटुंबं बेघर झाली. त्यानंतर ही दोन्ही धरणं पुन्हा बांधावी लागली.

सांडव्याचे दरवाजे नदीच्या पुरासाठी असतात. वरचं आख्खं धरण रिकामं होऊन अंगावर आलं तर ते पुरे पडत नाहीत. मुसीच्या पाणलोटात लहान तलावांचं जे झालं होतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर झालं. म्हणून आपल्या धरणाची पातळी कळणं पुरेसं नसतं. वरच्या धरणात काय चाललंय हेही त्याच वेळी कळायला हवं. खडकवासल्याच्या दरवाज्यांना आपल्या तलावाचं पाणी कळत होतं, पण ते कुणाला कळवू शकत नव्हते.

विश्वेश्वरय्यांचं निधन एप्रिल १९६२ मध्ये झालं.

आजचा सेन्सर काय करतो?

ही कळवण्याची उणीव आजचा पाण्यात बुडवायचा प्रेशर सेन्सर भरून काढतो. दिसायला तो जाड पेनसारखी स्टीलची नळी असतो. त्याच्या तोंडाशी पातळ पडदा असतो. तो टाकीच्या किंवा जलाशयाच्या तळाजवळ केबलने सोडतात. वर जितकं पाणी, तितका पडदा दाबला जातो. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ९.८ किलोपास्कल असतो. म्हणजे १२२.५ किलोपास्कल दाब दिसला तर वर सुमारे साडेबारा मीटर पाणी आहे. समजा, सेन्सर समुद्रसपाटीपासून ३३० मीटरवर बसवला आहे, तर जलाशयाची पातळी झाली ३४२.५० मीटर.

यात एक मेख आहे. पाण्यावर हवेचाही दाब असतो आणि तो रोज बदलतो. पावसाळी कमी दाबाच्या पट्ट्यात तो १० मिलीबारने उतरू शकतो. तेवढा फरक जवळपास १० सेंटीमीटर पाण्याइतका आहे. एक चौरस किलोमीटर जलाशयावर १० सेंटीमीटर म्हणजे १० कोटी लिटर पाणी. शिवाय ही चूक नेमकी जोरदार पावसाच्या दिवशीच होणार. म्हणून सेन्सरच्या केबलमध्ये तारांबरोबर एक बारीक पोकळ नळी असते. तिचं वरचं टोक हवेत उघडं राहतं, त्यामुळे हवेचा दाब पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखा पडतो आणि फक्त पाण्याचा दाब उरतो. ही नळी ओलाव्याने किंवा चिखलाने बुजली की सेन्सर चुकीचा आकडा देतो, पण बंद पडल्यासारखा दिसत नाही. म्हणून तिच्या तोंडाशी ओलावा शोषणारी पुडी बसवतात आणि ती वेळोवेळी बदलावी लागते.

सेन्सरचा निरोप बहुतेक वेळा ४ ते २० मिलीअँपिअर विजेच्या प्रवाहातून येतो. ४ म्हणजे टाकी रिकामी, २० म्हणजे भरलेली. सुरुवात शून्याऐवजी ४ पासून करण्याचं कारण साधं आहे. शून्य आलं तर तार तुटली आहे हे लगेच कळतं, टाकी रिकामी आहे असा गैरसमज होत नाही.

बसवताना आणखी दोन काळज्या घ्याव्या लागतात. वाहत्या पाण्याचा धक्का लागू नये म्हणून सेन्सर भोकं पाडलेल्या पाइपात सोडतात. आणि तळाच्या गाळात तो रुतू नये म्हणून थोडा वर टांगतात. टाकीत पाण्याऐवजी डिझेल किंवा मळी असेल तर हिशोब त्या द्रवाच्या घनतेप्रमाणे बदलावा लागतो, कारण एक मीटर मळी एक मीटर पाण्यापेक्षा जास्त दाबते.

तरीही धरणाच्या भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी आजही पुसलेली नाही. सेन्सरचा आकडा आणि पट्टीचा आकडा ताडून पाहणं हा चांगल्या कामाचा भाग आहे.

मोर्शीला याचा काय उपयोग?

वर्धा नदी मध्य प्रदेशातल्या मुलताई भागातून येते. तिथे पडलेला पाऊस काही तासांनी सिंभोऱ्याला पोचतो. पुढे नदी अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते, म्हणजे इथे सोडलेलं पाणी दोन्ही काठांवरच्या गावांना भेटतं. वरच्या भागातली पातळी आधी कळली तर १३ दरवाजे एकदम खूप उघडण्याऐवजी आधीपासून थोडे थोडे उघडता येतात. खालच्या गावांना गुरं आणि मोटारपंप हलवायला वेळ मिळतो, आणि पावसाळा संपताना जलाशय भरलेलाही राहतो.

विश्वेश्वरय्यांना खडकवासल्यावर हेच दोन्ही साधायचं होतं, साठाही वाढावा आणि पुराला वाटही मिळावी. तेव्हा माणूस वेळेत पोचेल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी निर्णय पाण्यावरच सोपवला. आता पातळीचा आकडा क्षणात हातात येतो. दरवाजा कधी आणि किती उघडायचा हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी तो आकडा बरोबर असावा लागतो.